तळ्यातला रोहू अंडी का घालत नाही? माशाच्या मेंदूतील जनुकांचा कारभार

मृगाच्या सरी पडू लागल्या की नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर या पट्ट्यातील मच्छीमार सहकारी संस्थांची धावपळ सुरू होते ती मत्स्यजिऱ्यासाठी, म्हणजे अंड्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या पिल्लांसाठी. त्याच सुमारास, १० जुलैला, राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन येतो आणि ‘प्रेरित प्रजनन’, ‘संप्रेरकाचे इंजेक्शन’, ‘जनुकीय संशोधन’ हे शब्द बातम्यांत एकाच दमात येऊन वाचकाला गोंधळात टाकतात. पूर्व विदर्भातल्या मालगुजारी तलावांत पिढ्यान्‌पिढ्या मासे आहेत, मग रोहू, कटला, मृगळ यांची पिल्ले दरवर्षी विकत का आणावी लागतात, ही शंका रास्त आहे.

माद्यांच्या पोटात अंडीच नसतात म्हणावे, तर तेही खरे नाही. जूनमध्ये चांगल्या वाढलेल्या रोहूचे पोट चिरले की गाभोळीचे दोन लांबट लोळे बाहेर येतात आणि प्रत्येकात अंडी खच्चून भरलेली असतात. पण पाणी साचलेलेच राहिले, तर ही अंडी पोटातच राहतात आणि पुढच्या काही आठवड्यांत मादीचे शरीरच ती हळूहळू जिरवून टाकते. अंडी तयार होणे आणि अंडी घालणे या दोन निराळ्या घटना आहेत, आणि तळ्यात अडते ते दुसऱ्या घटनेपाशी. हे अडणे अंडाशयातले नसून मेंदूकडून येणाऱ्या हुकमातले आहे.

हुकूम कुठून कुठे जातो?

मेंदूच्या खालच्या बाजूला हायपोथॅलॅमस नावाचा लहानसा भाग असतो. तेथील काही चेतापेशी जीएनआरएच नावाचे संप्रेरक तयार करतात. हा अवघ्या दहा अमिनो आम्लांचा तुकडा आहे. त्याचे काम मेंदूखाली लोंबणाऱ्या पीयूष ग्रंथीला जागे करण्याचे. पीयूष ग्रंथी मग दोन संप्रेरके रक्तात सोडते: एफएसएच मुख्यतः अंड्यांची वाढ सांभाळते, तर एलएच पिकलेली अंडी मोकळी करते. अंडाशय आणि वृषण यांतून निघणारी संप्रेरके पुन्हा मेंदूपर्यंत पोहोचून पुढचा हुकूम वाढवायचा की आवरायचा, हे ठरवायला मदत करतात.

जीएनआरएचची रचना १९७१ मध्ये उलगडली. रॉजे गिलमँ आणि अँड्र्यू शॅली या दोन प्रतिस्पर्धी शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळांनी त्यासाठी खाटीकखान्यांतून आणलेल्या लाखो मेंढ्यांच्या आणि डुकरांच्या मेंदूंचे तुकडे वाटून काढले होते, कारण एका मेंदूत हे संप्रेरक नगण्य मात्रेत असते. दोघांनाही १९७७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

माशांत या साखळीची मांडणी थोडी वेगळी आहे, आणि अभ्यासकांच्या दृष्टीने ती सोयीची आहे. आपल्या शरीरात जीएनआरएच एका सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या जाळ्यात सोडले जाते आणि तेथून ते पीयूष ग्रंथीत पोहोचते. रोहू किंवा मागूर यांसारख्या अस्थिमत्स्यांत मात्र मेंदूतील चेतातंतू थेट पीयूष ग्रंथीच्या आत शिरतात. शिवाय सस्तन प्राण्यांत एकच पेशी एफएसएच आणि एलएच दोन्ही तयार करू शकते, तर माशांत त्यांच्या पेशी बहुतांशी वेगवेगळ्या असतात. अंडी वाढवण्याचा आणि अंडी सोडण्याचा कारभार माशांत असा दोन टेबलांवर विभागलेला आहे. हे ध्यानात ठेवावे, पुढे त्याची गरज पडेल.

जनुक आणि जनुकाची अभिव्यक्ती

जीएनआरएच कसे घडवायचे याची कृती जनुकात लिहिलेली असते आणि ते जनुक माशाच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत असते: कल्ल्यात, शेपटीत, यकृतात, सगळीकडे. तरीही ते संप्रेरक बनते मेंदूतल्या मोजक्या पेशींत. हे समजण्यासाठी तहसील कार्यालयाची अभिलेख खोली डोळ्यांपुढे आणावी. मूळ दस्तऐवज खोलीबाहेर जात नाही. अर्ज आला की त्याची नक्कल निघते आणि पुढचे सारे काम त्या नकलेवर चालते. पेशीतही डीएनएमधील जनुक जागेवरच राहते आणि त्याची आरएनए नावाची नक्कल निघून तिच्यावरून संप्रेरक घडते. नक्कल निघण्याच्या या क्रियेलाच जनुकाची अभिव्यक्ती म्हणतात. एखाद्या दिवशी कोणत्या जनुकाच्या किती नकला निघाल्या हे मोजले, की मेंदूत त्या दिवशी कोणते प्रकरण हातात घेतले होते, याचा अंदाज येतो.

हे मोजण्याच्या दोन पद्धती रुळलेल्या आहेत. पहिलीत मेंदूचा हवा तो भाग थंडाव्यात झटपट वेगळा करून त्यातील आरएनए काढतात आणि कोविडच्या काळात घरोघरी माहीत झालेल्या पीसीआर तंत्राच्या मोजणी करणाऱ्या प्रकाराने नकलांचे प्रमाण ठरवतात. दुसरीत मेंदूचे अतिशय पातळ काप काचपट्टीवर घेऊन त्यांवर ठरावीक आरएनएलाच चिकटणारा रंगीत शोधक सोडतात. ज्या पेशींत नकला आहेत तेवढ्याच सूक्ष्मदर्शकाखाली उठून दिसतात. पहिली पद्धत ‘किती’ सांगते, दुसरी ‘कुठे’ सांगते, आणि माशाच्या मेंदूत ‘कुठे’ला फार महत्त्व आहे.

एका नावाची तीन जनुके

महत्त्व अशासाठी, की माशांत जीएनआरएचचे जनुक एकच नसते. अनेक माशांत ती तीन आहेत आणि प्रत्येकाची जागा ठरलेली आहे. पहिले जनुक हायपोथॅलॅमसच्या पुढच्या भागात अभिव्यक्त होते आणि पीयूष ग्रंथीला हुकूम देते. दुसरे मध्यमेंदूत असते. त्याचे संप्रेरक माशांपासून माणसापर्यंत दहाच्या दहा अमिनो आम्लांत तसेच टिकून आहे. इतक्या दीर्घ काळात ज्यात एकही बदल खपलेला नाही, ते शोभेपुरते नसणार एवढे नक्की. तिसरे जनुक नाकाजवळच्या चेतापेशींत आढळते आणि त्याचा संबंध वागणुकीशी दिसतो. जपानमधील मेदाका या छोट्या माशावरील प्रयोगांत मादी ओळखीच्या नराला लवकर स्वीकारते की नाही, हे या तिसऱ्या जनुकाच्या पेशींवर अवलंबून असल्याचे दिसले.

जीएनआरएचचा नाकाशी संबंध ऐकून नवल वाटेल, पण माणसातही हायपोथॅलॅमसमधील जीएनआरएच पेशी गर्भावस्थेत नाकाच्या भागात जन्मून मेंदूत सरकत जातात. हा प्रवास अडला, तर वयात येणे थांबते आणि बरेचदा वासही येत नाही. वैद्यकात याला कालमन सिंड्रोम म्हणतात.

रोहू आणि कटला ज्या कुळातले, त्या कुळातील झेब्राफिश व गोल्डफिश यांत पहिले जनुक उत्क्रांतीच्या ओघात नाहीसे झाले आहे. तरी हे मासे प्रजनन करतातच, कारण तिसऱ्या जनुकाने पहिल्याचीही जागा घेतली आहे.

पाऊस जवळ आला हे मेंदूला कसे कळते?

भारतीय गोड्या पाण्यातील बहुतेक माशांचे वर्ष ठरलेल्या टप्प्यांत चालते. हिवाळ्यात अंडाशय लहान आणि निवांत असते. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात अंड्यांची तयारी सुरू होते, मे-जूनमध्ये त्यांत पिवळे बलक भरले जाते, जुलै-ऑगस्टमध्ये अंडी घातली जातात आणि त्यानंतर शरीर पुन्हा सुस्तावते. नागपूरचा मे महिना माणसाला नकोसा होतो. तलावातल्या शिंगी आणि मागूर माशांच्या माद्यांचा मात्र तो ऐन भराचा काळ.

वाढता दिवस आणि वाढते तापमान ही या वेळापत्रकाची मुख्य सूचना. शिंगी माशावर दिल्ली विद्यापीठात झालेल्या प्रयोगांत दिवसाची लांबी आणि पाण्याची ऊब कृत्रिमरीत्या वाढवली असता अंडाशय वेळेआधी भरू लागल्याचे दिसले होते. उजेडाची नोंद केवळ डोळे घेत नाहीत. माशांच्या कवटीखाली असलेल्या पिनियल ग्रंथीला प्रकाश थेट जाणवतो आणि ती रात्री मेलाटोनिन सोडते, त्यामुळे रात्र किती मोठी आहे हे शरीराला समजते.

ही बाहेरची बातमी जीएनआरएचच्या पेशींपर्यंत पोहोचवणाऱ्या मध्यस्थांत किसपेप्टिनचे नाव वारंवार घेतले जाते. त्याचे जनुक १९९६ मध्ये अमेरिकेतील हर्शी या गावी कर्करोगाच्या संशोधनात सापडले आणि तेथे तयार होणाऱ्या ‘किसेस’ या चॉकलेटवरून त्याचे नाव पडले. शास्त्रज्ञांच्या नामकरणाच्या हौसेला आवर नसतो तो असा. २००३ मध्ये असे आढळले, की ज्या माणसांत किसपेप्टिन ग्रहण करणारे जनुक बिघडलेले असते ती वयातच येत नाहीत, आणि प्रजननशास्त्राचे लक्ष एकदम या रेणूकडे वळले. अनेक माशांत किसपेप्टिनचीही दोन जनुके असतात.

दुसरा मध्यस्थ न्यूरोपेप्टाइड वाय हा पोटाची खबर आणणारा आहे. तो भुकेशी निगडित आहे आणि जीएनआरएचच्या पेशींनाही सूचना देतो, म्हणजे अंगात पुरेसे अन्न साठले आहे की नाही, ही गोष्ट प्रजननाच्या निर्णयात मोजली जाते. मागूरच्या मेंदूत हे रसायन कोणकोणत्या भागांत आहे, याचा तपशीलवार नकाशा नागपूर विद्यापीठातील संशोधकांनी मांडलेला आहे. आपल्या गावात असे काम झाले आहे, हे गावातच फारसे कोणाला माहीत नाही.

तळ्यात नेमके अडते कुठे?

ऊब, दिवसाची लांबी आणि अन्न या तीन गोष्टी तळ्यातही मिळतात, म्हणून अंडी भरतात. मिळत नाही तो पुराचा अनुभव: गढूळ, वाहते, थंडावलेले नवे पाणी आणि उथळ काठावर पसरलेला प्रवाह. पश्चिम बंगालमधील ‘बांध’ नावाच्या तलावांत पावसाचे पाणी मोठ्या पाणलोटातून धावत येते आणि तेथे हेच मासे कोणी न टोचता अंडी घालतात, यावरून तळे हा मूळ अडथळा नसून सूचनेचा अभाव हा अडथळा आहे, हे उघड होते. सूचना नाही म्हणून एलएचची लाट नाही, आणि लाट नाही म्हणून अंडी मोकळी होत नाहीत.

१० जुलै १९५७ रोजी ओडिशात हिरालाल चौधुरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी यावर तोड काढली. दुसऱ्या माशाची कवटी उघडून पीयूष ग्रंथी काढायची, ती अल्कोहोलमध्ये राखायची, खलून तिचा अर्क करायचा आणि तो मादीला टोचायचा. मत्स्यशेतकरी दिनाची तारीख याच प्रयोगाची आहे. पुढे अर्काची जागा प्रयोगशाळेत बनवलेल्या जीएनआरएचसदृश रेणूने घेतली; पण एक अडचण समोर आली. कार्प कुळात नुसते जीएनआरएच दिले तर एलएच हवे तेवढे सुटेना. त्याचे कारण डोपामिन. मेंदूतून पीयूष ग्रंथीत जाणाऱ्या दुसऱ्या तंतूंतून हे रसायन पाझरते आणि एलएचच्या पेशींना सतत आवरून धरते. म्हणजे अंडी सुटण्यासाठी एक हुकूम यावा लागतो आणि त्याच वेळी एक मनाई उठावी लागते.

म्हणून आज हॅचरीत, म्हणजे मत्स्यबीज केंद्रात, वापरल्या जाणाऱ्या ओव्हाप्रिमसारख्या औषधात दोन घटक एकत्र असतात: सॅल्मनच्या जीएनआरएचसारखा रेणू आणि डॉमपेरिडोन. हे डॉमपेरिडोन म्हणजे उलटी थांबवण्यासाठी औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या गोळीतलेच. ते डोपामिनची मनाई उठवते. संध्याकाळी मादीला वजन करून, किलोमागे साधारण अर्धा मिलिलिटर औषध टोचतात, नराला त्याहून कमी, आणि जोड्या वाहत्या पाण्याच्या टाकीत किंवा हॅपात, म्हणजे पाण्यात बांधलेल्या कापडी जाळीच्या पेटीत, सोडतात. रात्रभर पाण्याची सळसळ ऐकू येते आणि पहाटेपर्यंत टाकीत फुगलेली, पारदर्शक अंडी तरंगताना दिसतात.

येथे एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही, ती मला महत्त्वाची वाटते. जुना अर्क असो वा नवे औषध, दोन्ही उपाय मेंदूला वळसा घालून जातात. मेंदूला जी खूण हवी होती ती ते देत नाहीत, तिच्या पुढच्या पायरीवरून काम सुरू करतात. म्हणूनच अंडाशय कच्चे असेल तर उत्तम औषधही वाया जाते. अंडी पिकवण्याचे काम फेब्रुवारीपासून मेंदूतील जनुकांनी महिनोन्‌महिने चालवलेले असते आणि ते एका टोचणीने भरून निघत नाही. ज्या वर्षी तलाव उन्हाळ्यात आटतात किंवा प्रजननासाठी राखलेल्या माशांना खाद्य कमी पडते, त्या वर्षी हॅचरीचे गणित का कोलमडते, त्याचे उत्तर इथे आहे.

शेजारी बदलला तरी जनुक जागे होते

ऋतूप्रमाणे समाजही या जनुकांवर राज्य करतो. आफ्रिकेतील टांगानिका सरोवरातल्या एका सिक्लिड माशात मोजकेच नर दांडगे असतात आणि बाकीचे फिके, दबलेले. दांडगा नर हटवला, की काही मिनिटांत दबलेला नर रंग बदलतो. वीस मिनिटांच्या आत त्याच्या हायपोथॅलॅमसच्या पुढच्या भागात सक्रियतेची खूण असणारे जनुक अभिव्यक्त होते आणि पुढे जीएनआरएचच्या पेशी आकाराने कित्येक पटींनी वाढतात. क्लाउनफिशमध्ये तर गटातील मादी मेली की प्रमुख नर मादी बनतो आणि या बदलात मेंदू आधी बदलतो आणि अंडाशय मागाहून.

मग एक जनुक काढून टाकले तर मासा वांझ होईल?

ही शंका शास्त्रज्ञांनाही होती, आणि जनुक-संपादनाचे तंत्र हाती येताच त्यांनी ती तपासली. निकाल अपेक्षेविरुद्ध लागला. झेब्राफिशमधून जीएनआरएचचे तिसरे जनुक काढले, तरी मासे प्रजननक्षम राहिले. किसपेप्टिनची दोन्ही जनुके काढली, तरीही राहिले. माणसात किसपेप्टिनचा एक दुवा तुटला की वयात येणे थांबते, आणि माशात मात्र इतर रसायने काम निभावून नेतात.

मेदाकाने चित्र अधिक स्पष्ट केले. त्यात पहिले जनुक काढले तर मादीची अंडी नीट वाढली, पण सुटली नाहीत, कारण एलएचची लाट आली नाही. नर मात्र प्रजननक्षम राहिले. एफएसएच आणि एलएच यांची टेबले वेगळी असण्याचा अर्थ इथे हाती लागतो, आणि भरल्या पोटाने तळ्यात फिरणाऱ्या रोहूच्या मादीशी त्याचे साम्यही डोळ्यांत भरते. ‘प्रजननाचे जनुक सापडले’ असा मथळा वाचला, की या मेदाकाची आठवण ठेवावी.

नकला मोजल्या म्हणजे सारे कळले का?

नाही. नक्कल निघाली म्हणजे फेरफार मंजूर झाला असे होत नाही, हे तहसीलची पायरी चढलेल्या कोणालाही समजेल. आरएनए असला तरी संप्रेरक बनेलच असे नाही, बनलेले संप्रेरक पेशीत साठून राहू शकते, आणि ते सुटले तरी पीयूष ग्रंथीवर ते झेलणारे ग्राहक रेणू पुरेसे असावे लागतात. त्यात मासा पकडताना होणाऱ्या ताणानेही काही जनुकांची अभिव्यक्ती बदलते आणि सकाळ-संध्याकाळचा फरक वेगळाच. म्हणून चांगल्या अभ्यासात नकलांबरोबर रक्तातील संप्रेरके, अंडाशयाचे वजन आणि त्याचे काप हेही पाहिलेले असते. ते नसेल तर निष्कर्ष जपून घ्यावा.

इंजेक्शनच्या माशाची पैदास खाण्यात धोका आहे का?

टोचले जाते ते आईबापांना, आणि तेही किलोमागे सुमारे दहा मायक्रोग्रॅम जीएनआरएचसदृश रेणू. आपल्या ताटात येतो तो त्यांच्या जिऱ्यापासून बोटुकली होऊन पुढे वर्षभर तलावात वाढलेला मासा. त्याला स्वतःला काही दिलेले नसते. या पद्धतीत जनुकातील एक अक्षरही बदलत नाही. जनुक-संपादित मासे ही वेगळी गोष्ट आहे: जपानमध्ये २०२१ पासून अधिक मांसल केलेला सी ब्रीम मासा विक्रीस आला आहे. त्यावर वाद घालायचा तर जरूर घालावा, फक्त तो हॅचरीतल्या रोहूच्या माथी मारू नये.

सांडपाणी आणि माशाचा मेंदू

या संशोधनाचा हॅचरीबाहेरचा उपयोग पाण्याच्या तपासणीत आहे. माशाच्या मेंदूत अरोमाटेज नावाचे विकर (एन्झाइम) सस्तन प्राण्यांच्या मेंदूपेक्षा कितीतरी अधिक असते. ते पुरुष-संप्रेरकाचे स्त्री-संप्रेरकात रूपांतर करते. मेंदूतील या विकराचे जनुक पाण्यात मिसळलेल्या इस्ट्रोजेनने, उदाहरणार्थ गर्भनिरोधक गोळ्यांतील कृत्रिम इस्ट्रोजेनने, चटकन वाढीव अभिव्यक्ती दाखवते. कॅनडातील एका प्रायोगिक तलावात २००१ ते २००३ या काळात हे इस्ट्रोजेन लिटरमागे पाच-सहा नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे पाच-सहा अब्जांश, इतके मिसळले गेले. फॅटहेड मिनो या छोट्या माशाच्या नरांत मादीची लक्षणे दिसू लागली आणि त्या तलावातून ही जात जवळपास संपली. औषध मिसळणे थांबल्यावर काही वर्षांनी ती सावरली.

नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानला आणि तेथून वैनगंगेला मिळते, ज्या वैनगंगेवर गोसीखुर्दचा जलाशय आणि त्यावर पोट असलेली ढीवर कुटुंबे आहेत. अशा पाण्याची तपासणी आजवर ऑक्सिजन, जिवाणू आणि जड धातू यांच्या आकड्यांवर भागवली जाते. त्याच पाण्यातल्या नर माशांच्या मेंदूत अरोमाटेजच्या नकला किती आणि त्यांच्या यकृतात अंड्याच्या बलकाचे, म्हणजे एरवी केवळ माद्यांच्या यकृतात भरपूर तयार होणारे, प्रथिन कितपत आहे, या दोन मोजण्या त्यात जोडता येतात. त्यासाठी लागणारे पीसीआर यंत्र कोविडनंतर दुर्मीळ राहिलेले नाही, आणि महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय नागपुरातच आहे.